शेफिल्डची थंडी आणि तापणारी काच: दोन हिवाळ्यांनंतर

स्टिअरिंगच्या डाव्या हाताला दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. एकावर चौकोन आणि त्यातून वर जाणारे नागमोडी बाण. ते मागच्या काचेचं, सगळ्याच गाड्यांना असतं. दुसऱ्यावर तसेच बाण, पण चौकोनाऐवजी सुपासारखा आकार. गाडी घेताना मला वाटलं होतं, ही दोन्ही एकच असावीत, कुणीतरी उगाच दोनदा लावलेली. आता त्या सुपाच्या बटणाबद्दल दोन पानं लिहायला बसलेय.

परीक्षण काचेचं आहे, गाडीचं नाही. त्यामुळे गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत बसत नाही. नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवरची, पाच दारांची लहान गाडी, एवढं पुरे. तिच्या पुढच्या काचेत तारा आहेत आणि त्या तापतात.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय ह्या काचेची किंमत कळणार नाही. मी शेफिल्डमध्ये घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. प्रत्येक घरच्या फेरीला आम्ही 'कॉल' म्हणतो. पहिला कॉल पावणेसातचा. एक आजी आहेत, त्यांना उठवून, धुऊन, कपडे घालून खुर्चीत बसवायचं. त्या साडेसहापासून घड्याळाकडे बघत पडलेल्या असतात. डिसेंबरात इथे उजाडतं सव्वाआठच्या सुमाराला, म्हणजे माझे पहिले तीन कॉल मिट्ट काळोखातच होतात. घराला गॅरेज नाही, गाडी रस्त्यावर उभी, आणि रस्ता असा चढाचा की हँडब्रेक ओढून शिवाय चाक फुटपाथकडे वळवून ठेवावं लागतं.

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे दुसरी गाडी होती, साध्या काचेची. नोव्हेंबरातल्या एका सकाळी बाहेर आले तर काच पांढरी. मला वाटलं बर्फ पडलाय. पण रस्ता कोरडा, छपरं जेमतेम भुरकट. हात लावला तर खरखरीत, साखरेचा पाक आटून भांड्याला धरतो तसं. मग लक्षात आलं, हे तर दहिवर! निफाडला थंडीच्या कडाक्यात बागेतल्या पानांवर असंच दिसतं. आमच्याकडे दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा पेपरात येतो आणि द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो. आप्पा रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवायचे, पहाटे ड्रिप सोडायचे. मी दुलईत पडून धुराचा वास घ्यायचे. त्या दहिवराशी आपल्याला स्वतःच्या हातानं लढायला लागेल, तेही इंग्लंडात, असं काही वाटलं नव्हतं.

हातात काही नव्हतं म्हणून पर्समधलं सुपरमार्केटचं पॉइंट्सचं कार्ड काढलं आणि खरवडायला लागले. पाच मिनिटांत कार्ड दुमडलं, बोटं बधिर झाली. काचेवर ताटाएवढं भोक तयार झालं. त्या भोकातून बघत निघावं असा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण परीक्षेचा अभ्यास ताजा होता. भारतीय लायसन्सवर इथे 12 महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते. हायवे कोडच्या 229व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की निघण्याआधी सगळ्या काचांवरचं बर्फ आणि हिम काढलेलं असलं पाहिजे. परीक्षेत गाडी चालवता चालवता मला विचारलं गेलं होतं, "पुढच्या काचेवरची वाफ कशी घालवाल ते दाखवा." मी बटण दाबून दाखवलं आणि मनात म्हटलं, हा काय परीक्षेत विचारायचा प्रश्न? आता कळलं.

त्या हिवाळ्यात मी सगळे उपाय करून पाहिले.

किटलीचा किस्सा सांगायलाच हवा. उकळतं नाही, कोमट पाणी घेऊन गेले होते. तेवढी अक्कल होती. शेजारचे आजोबा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले होते, ते तिथूनच ओरडले, "नो लव, नॉट द केटल!" तोवर मी ओतलं होतं. दहिवर वितळलं, काच लखलखली, आणि मी आत बसून पट्टा लावेपर्यंत त्याच पाण्याचा गुळगुळीत थर गोठून बसला. आधी खरखरीत होतं ते निदान खरवडता येत होतं. हे काचेवर दुसरी काच बसवल्यासारखं. शिवाय आजोबांनी समजावलं की काचेला कुठे बारीकसा टवका असेल तर अचानक गरम पाण्यानं तिथून तडा जातो. आजोबा पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गरम आणि गार एकत्र आले की काय होतं हे त्यांनी मला ज्या हातवाऱ्यांनी सांगितलं, त्यानंतर किटली स्वयंपाकघरातच राहिली.

मग नऊ पौंडांचं कव्हर घेतलं. रात्री काचेवर घालायचं, दोन्ही कडा दारांत अडकवायच्या. कोरड्या रात्री उत्तम. पण संध्याकाळी पाऊस आणि रात्री थंडी असा बेत असला, आणि इथे तो बऱ्याचदा असतो, की कव्हर काचेलाच चिकटतं. ओढून काढलं तर ते पत्र्यासारखं ताठ, ओलं, ठेवायचं कुठे? मागच्या सीटवर. मग ते तिथे वितळतं आणि गाडीच्या आतून सगळ्या काचा धूसर. एका संकटातून सुटायला दुसरं घरात आणलं.

स्प्रे चांगला. त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे दहिवर वितळतं आणि पुन्हा लवकर गोठत नाही. आजोबा तो घरीच करतात, दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी, साध्या फवाऱ्याच्या बाटलीत. वास थेट हॉस्पिटलच्या हँड सॅनिटायझरचा. सकाळी सहाला उपाशीपोटी तो नाकात गेला की मळमळतं, पण काम करतो.

राहिला ब्लोअर, म्हणजे इंजिन चालू करून गरम हवा काचेवर सोडणं. इंजिनातलं पाणी तापल्याशिवाय गरम हवा येत नाही. माझ्या जुन्या गाडीला दहा मिनिटं लागायची, आणि मग काचेच्या तळाशी दोन अर्धचंद्र उमटून हळूहळू वर सरकायचे. बरं, गाडी चालू ठेवून घरात जाऊन चहा घ्यावा तर तेही नाही. सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जाणं बेकायदा आहे. आणि चोर ह्याच वेळेची वाट बघत असतात. किल्ली आत राहिलेली असताना गाडी गेली तर विमा कंपन्या सहसा हात वर करतात. म्हणजे दहा मिनिटं गाडीतच बसायचं, थंडगार सीटवर, दात वाजवत.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर ती गाडी तपासणीत नापास झाली आणि ही आली. विकणाऱ्या बाईंनी जाता जाता सांगितलं, "हीटेड स्क्रीन आहे हं." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

पहिल्यांदा वापरली तो दिवस लख्ख आठवतो. गाडीतला आकडा उणे 4 दाखवत होता. इंजिन चालू केलं, सुपाचं बटण दाबलं, नारिंगी दिवा लागला. अर्धं मिनिट काहीच नाही. मी सवयीनं स्क्रेपर शोधायला वाकले. वर बघितलं तर पांढऱ्या काचेवर उभ्या उभ्या रेघा पडायला लागलेल्या, कुणी केसांचा कंगवा फिरवावा तशा. रेघा रुंद झाल्या, एकमेकींत मिसळल्या, दहिवराचा चिखल झाला आणि काचेवरून घसरायला लागला. वायपरचा एक फटकारा. समोर रस्ता, दिवे, आजोबांचा कचऱ्याचा डबा. घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. मी गाडीत एकटीच "आई गं!" म्हणाले.

नंतर मी वेळा लिहून ठेवल्या. पातळ दहिवर, दीड ते दोन मिनिटं. रात्री पाऊस पडून मग गोठलेला जाड थर, चार मिनिटं, आणि तोही पूर्ण वितळायची वाट बघायची नाही. काचेला लागलेली बाजू सुटली की वरचा पापुद्रा वायपरनं अख्खा निघतो. चार बोटं बर्फ पडलेलं असेल तर मात्र आधी हातानं ढकलून द्यायचं. वजनदार बर्फाखाली ही काच नुसती घाम गाळत बसते.

हे चालतं कसं ते थोडक्यात. पुढची काच मुळात दोन काचांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ थर. अपघातात तुकडे उडू नयेत म्हणून. त्या थरात केसाहून बारीक तारा बसवतात, टंगस्टनच्या. जुन्या पिवळ्या बल्बात जी तार तापून प्रकाश द्यायची, तोच धातू. वीज सोडली की काच तळापासून वरपर्यंत एकदम तापते, इंजिन गरम व्हायची वाट बघावी लागत नाही. मागच्या काचेवरच्या रेषा आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या असतात, त्यामुळे त्या खरवडल्या तर तुटतात. पुढच्या तारा मधे बंद असल्यानं स्क्रेपरचा त्यांना धोका नाही. वीज मात्र बकाबका खाते. म्हणून इंजिन चालू असल्याशिवाय बटण लागतच नाही, आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतं.

युरोपात ही काच फोर्डनं 1985 साली आपल्या ग्रॅनडा-स्कॉर्पिओ गाडीत आणली आणि पुढे कितीतरी वर्षं ती म्हणजे फोर्डचीच ओळख होती. इथली जुनी माणसं अजून "फोर्डसारखी काच" म्हणतात. आता लँड रोव्हर, व्होल्वो, स्कोडा अशा बऱ्याच कंपन्या देतात. काही गाड्यांत तारांऐवजी धातूचा अदृश्य मुलामा असतो. तो डोळ्याला दिसत नाही हा फायदा, पण त्यातून टोलच्या टॅगचा सिग्नल जात नाही, म्हणून आरशाजवळ एक चौकोन कोरा सोडतात.

आणि दहिवर मुळात पडतं का, हे आप्पांना न विचारताही त्यांनी मला लहानपणी शिकवून ठेवलंय: "आभाळ मोकळं अन् वारा पडलेला, की समज आज पहाटं काय खरं नाही." ढग असले की ते गोधडीसारखे. नसले की जमीन, पानं, काच, सगळं आपली ऊब उघड्या आभाळाला देऊन बसतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. हवामान खात्याचा आकडा असतो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा. त्यामुळे मोबाईल 2 अंश दाखवत असला तरी काच पांढरी असू शकते. पुढची काच तिरकी, आभाळाकडे तोंड करून पडलेली. म्हणून सगळ्यात जास्त तिच्यावर. बाजूच्या काचा उभ्या, समोरच्या घरांकडे बघणाऱ्या, त्यांच्यावर कमी. रस्त्याच्या वरच्या टोकाला एक जुनं झाड आहे, त्याच्या फांद्यांखाली जागा मिळाली तर सकाळी काच नुसती ओली असते. ती जागा मिळावी म्हणून मी संध्याकाळी दोनदा चक्कर मारते. नवरा हसतो.

आता तक्रारी.

तारा दिसतात. दिवसा नाही, पण रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती बारीक काटे फुटल्यासारखे दिसतात. पावसात जास्त. हिवाळ्यात इथे सूर्य दुपारीसुद्धा झाडांच्या शेंड्यांवरच लोंबकळत असतो, आणि तो थेट समोर आला की अख्ख्या काचेवर कोळ्याचं जाळं धरल्याचा भास होतो. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं. नंतर नजर सरावली, आता मुद्दाम बघितल्याशिवाय जाणवत नाही. पण माझ्या बरोबरीच्या एका मुलीनं ह्याच कारणासाठी अशी गाडी परत विकली. तेव्हा घेण्याआधी एकदा रात्री चालवून बघाच.

दुसरं, ही फक्त पुढची काच. समोर लख्ख, मागचीही तारांनी साफ, आणि डावी-उजवी ठार आंधळी. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहात निघाले आणि कोपऱ्यावर उजवीकडे बघितलं तर पांढरा पडदा. तिथेच थांबून खाली उतरून खरवडलं. आता काच तापेपर्यंतच्या दोन मिनिटांत बाजूच्या काचा आणि आरसे मी आजोबांच्या फवाऱ्यानं उरकते. वायपर रात्री बंद करून ठेवायचे, हेही ठोकर खाऊन शिकले. ते चालूच राहिले असतील तर सकाळी किल्ली फिरवताच गोठलेले वायपर हलायला बघतात आणि रबर फाटतं.

तिसरी तक्रार खर्चाची, आणि तिच्यात एक लांबलचक गोष्ट आहे.

गेल्या फेब्रुवारीत मोटरवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेला टवका पडला. दुर्लक्ष केलं. दोन दिवसांनी पहाटे बटण दाबलं, काच तापली, आणि टवक्यातून वीतभर तडा माझ्या डोळ्यांदेखत सरकला. म्हणजे किटलीचं जे झालं नव्हतं ते बटणानं झालं. टवका भरून घ्यायच्या आधी हे बटण दाबू नका, हे मी वाचलं असतं तर बरं झालं असतं. असो. विम्यातून काच बदलून मिळाली, माझ्या वाट्याला 115 पौंड आले. कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये माणूस येऊन दीड तासात बसवून गेला. नवी काच इतकी स्वच्छ की मला भरून आलं. रात्री समोरच्या दिव्यांना काटेही दिसेनात. मला वाटलं, वा, नव्या काचेच्या तारा सुधारलेल्या दिसतात!

पुढचे दोन आठवडे हवा उबदार होती. मग एका पहाटे दहिवर. बटण दाबलं, नारिंगी दिवा लागला, एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. काहीच नाही. फ्यूज गेला असेल म्हणून संध्याकाळी आजोबांना बोलावलं. त्यांनी काचेवर तिरका टॉर्च मारला, डोळे बारीक केले, आणि शांतपणे म्हणाले, "देअर्स नो वायर्स इन दिस, लव." साधी काच बसवली होती! दोन्ही बाजूंच्या वायरींची टोकं टेप गुंडाळून आत कोंबलेली. दिवा बिचारा आपला लागत होता, त्याला काय माहीत काचेत तारा नाहीत.

दुकानाचं नाव लिहीत नाही. फोन केल्यावर त्यांनी चूक मान्य केली, काच मागवताना तापणारी असा पर्याय निवडायचा राहून गेला होता. बदलूनही दिली, फुकट, पण तीन आठवड्यांनी. तोवर मार्च निम्मा झाला होता. त्या तीन आठवड्यांत मी पुन्हा पॉइंट्सच्या कार्डाची बाई झाले. आजींना दोनदा दहा मिनिटं उशीर झाला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं.

तेव्हा काच बदलायची वेळ आली तर फोनवर तीनदा सांगा की तारांची हवी, आणि माणूस निघून जायच्या आधी टॉर्च मारून बघा. जुनी गाडी घेतानाही तेच. बटणावर विश्वास ठेवू नका. शिवाय बऱ्याच गाड्यांत ह्या काचेचे डावा-उजवा असे दोन भाग वेगवेगळ्या वायरींवर असतात. एक मेला तर अर्धीच काच तापते, आणि ती नेमकी ड्रायव्हरसमोरची नसली तर काय उपयोग? भर उन्हाळ्यातही तपासता येतं. इंजिन चालू करून बटण दाबायचं आणि मिनिटभरानं आतून दोन्ही बाजूंना तळहात लावायचा. दोन्हीकडे कोमट लागलं पाहिजे.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. हे बटण मी दहिवरापेक्षा वाफेसाठी जास्त वापरते. शेफिल्डात थंडीपेक्षा पाऊस जास्त. एका कॉलहून दुसऱ्याकडे जाताना ओलं जॅकेट, ओले बूट, पायाखालचं पायपुसणं भिजलेलं. गाडीत बसून दोन श्वास सोडले की काच आतून दुधी. पूर्वी बाहीनं पुसायचे, मग त्या पुसल्याचे ओघळ दिवे पडले की चमकायचे. आता बटण दाबते आणि पट्टा लावेपर्यंत काच साफ. वर्षाचे आठ महिने तरी हे चालतं. निव्वळ दहिवरासाठी घेतली असती तर पैसे वसूल झाले की नाही ह्यावर वाद घालता आला असता. वाफ धरली तर वाद नाही.

गॅरेज असेल, किंवा नऊनंतर निघायची चैन असेल, तर ह्या काचेसाठी जादा पैसे मोजू नका. नऊ पौंडांचं कव्हर आणि आजोबांचा फवारा पुरतो. विजेवरच्या गाडीवाल्यांना तर अंथरुणातूनच मोबाईलवर गाडी तापवता येते, त्यांनी हे वाचून माझी कीव करावी. माझ्यासारखी रस्त्यावर गाडी लावून सहाला निघणारी असाल तर मात्र पुढची जुनी गाडी शोधताना किलोमीटर, किंमत आणि त्यानंतर लगेच हेच बघा.

पाचपैकी चार. एक गुण तारांच्या काट्यांसाठी कापला. टवक्याचा आणि चुकीच्या काचेचा राग तिच्यावर काढत नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पांना ते रेघा पडणं दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लाइट किती खाते?" मी म्हटलं, इंजिन बंद ठेवून चालवलीच जात नाही, इतकी. ते "मग शेकोटीच बरी" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.